भोक आहे, पण हात कुठे?

घरी सबवूफर बनवला म्हटल्यावर लोक दोनच प्रश्न विचारतात. किती इंची? आणि किती वॉटचा? ऑफिसातल्यांनी हेच विचारले, शेजाऱ्यांनीही हेच. पेटीबद्दल कोणी विचारत नाही. पेटी म्हणजे काय, फर्निचर! स्पीकर कशात तरी बसवायला हवा म्हणून केलेले खोके. आमच्या घरी मात्र वाद झाला तो पेटीवरूनच, आणि चांगला दीड महिना चालला. एका बाजूला अकरावीतला मुलगा, दुसऱ्या बाजूला अठ्ठ्याहत्तर वर्षांचे बाबा आणि मध्ये मी, म्हणजे पैसे देणारा.

मी कला शाखेचा पदवीधर. भौतिकशास्त्राचा आणि माझा संबंध दहावीला सुटला. पण बावीस वर्षे सरकारी खात्यात कारकुनी केल्याने एक सवय अंगात मुरली आहे. समोर काहीही आले की त्याची फाईल करायची. प्रस्ताव, उपलब्ध पर्याय, प्रत्येकाचे फायदे-तोटे, खर्च आणि शेवटी शेरा. पेटीचीही मी अशीच फाईल केली. ती फाईलच आज तुमच्यापुढे ठेवतो आहे म्हणा ना.

आधी प्रस्ताव. आमचे बाबा वाड्यावर घुमट वाजवायचे. चवथीचे पाच दिवस घरोघरी आरत्या व्हायच्या. शामेळ दुसऱ्या कोणाकडे, कासाळे तिसऱ्याकडे, घुमटांत मात्र पहिला हात बाबांचा. चाळीसेक वर्षे हे चालले. आता बोटे साथ देत नाहीत आणि कानही. कानाच्या डॉक्टरांनी आलेख काढून दाखवला. वरच्या पट्टीतले आवाज जवळजवळ गेले आहेत, खालचे बऱ्यापैकी शिल्लक आहेत. म्हाताऱ्या माणसांचे बहुधा असेच होते म्हणे. त्यामुळे बोलणे ऐकू येते, पण शब्द कळत नाहीत. ‘स’ आणि ‘श’, ‘त’ आणि ‘क’ सगळे एकच. यंत्र आणले आहे, ते बहुतेक वेळ टेबलावर असते.

गेल्या चवथीला मी वाड्यावरची आरती चांगल्या रेकॉर्डरवर टिपून घेतली आणि घरी टीव्हीवर लावली. बाबांनी मिनिटभर ऐकले आणि म्हणाले, “हें घुमट न्हय, डबो वाजता.” आणि उठून गेले. त्यांचे बरोबरच होते. चपट्या टीव्हीतल्या इवल्याशा स्पीकरमधून घुमटाचा तळ निघतच नाही. निघते ते फक्त कातड्यावरचे टकटक, आणि नेमके तेच बाबांच्या कानाला पोचत नाही. म्हणजे त्यांच्या वाट्याला काय उरले? काहीच नाही!

मुलाचा प्रस्ताव वेगळा होता. त्याला होम थिएटर पुरे करायचे होते. रिसीव्हर आणि पाच स्पीकर आमच्याकडे होतेच. त्याने मला फाइव्ह पॉइंट वनमधल्या त्या ‘पॉइंट वन’चा अर्थ समजावला. चित्रपटाच्या ध्वनीत खालच्या आवाजासाठी एक वेगळी वाट राखून ठेवलेली असते, साधारण १२० हर्ट्झपर्यंतची, आणि ती इतर वाटांपेक्षा १० डेसिबल वरच्या जोराने वाजवायची असते. भूकंप, स्फोट, राक्षसाचे पाऊल, सगळे तिथे. १९९२ पासून चित्रपटगृहांत हे डिजिटल रूपात आले आणि पुढे घरात. तर दोघांनाही हवा होता खालचा आवाजच. एकाला स्फोटासाठी, एकाला घुमटासाठी. सबवूफर एकच.

आता पेटी लागतेच कशाला? स्पीकरचा पडदा पुढे सरकला की पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. खालच्या आवाजाची लाट भलतीच लांब. ४० हर्ट्झची लाट साडेआठ मीटरची, २० हर्ट्झची सतरा मीटरची. एवढ्या लांब लाटेला दहा इंची स्पीकरला वळसा घालून मागे जायला कितीसा वेळ! पुढचा दाब मागच्या पोकळीत जाऊन मिळतो आणि दोघे एकमेकांना खाऊन टाकतात. उघडा स्पीकर हातात धरून वाजवून बघा, पडदा थरथरताना दिसतो आणि आवाज मात्र नाही. म्हणजे मागच्या लाटेचे काहीतरी करायला हवे. पेटीचे सगळे प्रकार ही या एकाच प्रश्नाची वेगवेगळी उत्तरे आहेत.

पहिले उत्तर सोपे. मागची लाट कोंडून टाका. चारी बाजूंनी बंद पेटी, कुठे फट नाही. यात आतली हवा स्प्रिंगसारखी वागते आणि पडद्याला परत जागेवर ढकलते. अमेरिकेत एडगर व्हिल्चर यांनी १९५४ साली याच तत्त्वावरचा स्पीकर बाजारात आणला. तोपर्यंत खालच्या आवाजासाठी कपाटाएवढे खोके लागते असा समज होता. त्यांनी सैलसर पडदा छोट्या बंद पेटीत बसवला आणि हवेलाच स्प्रिंगचे काम दिले.

दुसरे उत्तर हुशारीचे. मागची लाट वाया का घालवायची? पेटीला भोक पाडून त्यात नळी बसवा. पेटीतली हवा ही स्प्रिंग आणि नळीतली हवा हे वजन, दोन्ही मिळून एका ठराविक सुरावर डोलू लागतात. त्या सुराजवळ नळीतून येणारा आवाज पुढच्या आवाजाला विरोध न करता साथ देतो आणि पडद्याला फारसे हलावेही लागत नाही. बेल प्रयोगशाळेतल्या अल्बर्ट थुरास यांना याचे पेटंट १९३२ साली मिळाले.

हे वाचता वाचता मी थांबलो. एका तोंडावर ताणलेला पडदा, पोटात हवा, दुसऱ्या बाजूला उघडे तोंड... अहो, हे तर घुमट! मातीच्या मडक्याच्या रुंद तोंडावर कातडे, आणि मागचे अरुंद तोंड उघडे. पूर्वी घोरपडीचे कातडे असायचे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने घोरपडीला संरक्षण मिळाले आणि आता बकऱ्याचे कातडे वापरतात. २०१९ साली सरकारने घुमटाला गोव्याचे वारसा वाद्य म्हणून मान दिला. पण पेटंट घेणाऱ्याच्या कितीतरी आधीपासून आमच्या कुंभारांना हे ठाऊक होते की मडक्याला दुसरे तोंड ठेवले तर नाद फुलतो.

मग तबल्याजवळचा डग्गा म्हणजे बंद पेटी. एकच कातडे, बाकी सगळे बंद. आणि पखवाज? त्याला दोन कातडी. एकावर थाप मारली की आतल्या हवेतून दुसरेही हलते. स्पीकरच्या जगातही अशी पेटी असते. नळीच्या जागी एक मुका पडदा बसवतात. त्याला ना तारा ना चुंबक, नुसते वजन. पॅसिव्ह रेडिएटर म्हणतात त्याला. अशी आमची फाईल भराभर भरू लागली. शाळेत नावडता असलेला विषय घरातल्या वाद्यांमुळे एकदम ओळखीचा झाला.

बाकीचे पर्याय मी लवकर निकालात काढले. बँडपासमध्ये स्पीकर दोन कप्प्यांच्या मध्ये लपलेला असतो. ठराविक पट्ट्यात आवाज दणदणीत, पण बऱ्याचदा सगळी गाणी एकाच सुरात घुमल्यासारखी वाटतात. गाडीतून जाताना बाहेरच्याला ऐकू येतो ना, तसा. ट्रान्समिशन लाइनमध्ये मागची लाट लांब बोळातून फिरवून आणतात. ३० हर्ट्झला तो बोळ जवळपास पावणेतीन मीटरचा हवा, म्हणजे पेटीत घड्या घालत बसा. हॉर्न तर त्याहून मोठा. आमच्या मेस्ताने आकृती पाहून विचारले, “हें कपाट काय देव्हारो?” पखवाजाच्या जातीचा मुका पडदा चांगला, पण तो वेगळा विकत आणायचा आणि त्याचे वजन जुळवत बसायचे. तेव्हा मैदानात उरले दोघेच. डग्गा की घुमट?

इथे आकडे आले. प्रत्येक ड्रायव्हरसोबत एक कागद येतो. त्यावरचे आकडे ज्या पद्धतीने मांडलेले असतात त्याचे श्रेय नेव्हिल थील आणि रिचर्ड स्मॉल या दोघांना. थील यांचा लेख ऑस्ट्रेलियात १९६१ साली आला, स्मॉल यांचे १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला. त्याआधी पेटीचे माप बरेचसे अंदाजाने ठरायचे. यांनी ते सूत्रात बसवले. आमच्या दहा इंची ड्रायव्हरचे तीन आकडे महत्त्वाचे होते. पडद्याची स्वतःची डोलण्याची गती २८ हर्ट्झ. त्याच्या सैलपणाशी तुल्य असलेली हवा ६० लिटर. आणि तिसरा, ज्याला क्यूटीएस म्हणतात तो, ०.४२. हा तिसरा आकडा म्हणजे पडद्याला आवर किती आहे त्याचे माप. आकडा जेवढा लहान तेवढा आवर जास्त. आमचा नेमका मधला, दोन्ही पेट्यांना चालणारा. नाहीतर ड्रायव्हरनेच निकाल दिला असता आणि घरातला वाद वाचला असता!

मुलाने संगणकावर तक्ता केला. बंद पेटी केली तर आतली जागा सुमारे ३३ लिटर पुरते. ४७ हर्ट्झपर्यंत आवाज जवळपास सपाट, तिथे ३ डेसिबल कमी, आणि पुढे दर सप्तकाला १२ डेसिबलने उतार. नळीची पेटी केली तर ७५ लिटर, नळी जुळवायची २६ हर्ट्झला. दहा सेंटीमीटर व्यासाची नळी घेतली तर ती ३८ सेंटीमीटर लांब. आवाज मात्र थेट २५ हर्ट्झपर्यंत! त्याखाली उतार दुप्पट, सप्तकाला २४ डेसिबल. २५ हर्ट्झवर दोघांत ८ डेसिबलचा फरक पडतो, आणि ८ डेसिबल भरून काढायचे तर सहापट वॉट लागतात. मुलगा म्हणाला, “पप्पा, यात विचार काय करायचा? फुकटचे सप्तक मिळते आहे.”

कागदावर त्याचे म्हणणे बिनतोड होते. पण फाईलमध्ये तोट्यांचा रकाना असतोच. नळीची पेटी त्या जुळवलेल्या सुराजवळ ऊर्जा साठवते आणि मग सोडते, त्यामुळे ठोका थांबला तरी आवाज क्षणभर रेंगाळतो. दुसरे, जुळवलेल्या सुराच्या खाली गेले की आतली हवा पडद्याला धरतच नाही. नळीतून ती नुसती आत-बाहेर करते आणि पडदा बेलगाम हलू लागतो. म्हणून तिथे फिल्टर लावून खालचे कापावे लागते. तिसरे, मापात चूक खपत नाही. नळी थोडी आखूड झाली की सूर सरकला. बंद पेटीत दोन लिटर इकडेतिकडे झाले तरी कानाला कळणार नाही.

दोघांचे बोलणे बाबा बाजूला बसून बघत होते. ऐकत होते म्हणता येणार नाही. मुलाने त्यांना दोन्ही आकृत्या मोठ्या काढून दाखवल्या आणि नळीवर बोट ठेवून ओरडून सांगितले, “आजो, हें तुमचें घुमट!” बाबांनी आकृती जवळ घेऊन पाहिली. मग आत गेले आणि माळ्यावरचे घुमट काढायला लावले. मांडीत धरले. उजव्या हाताने एक थाप मारली, डावा तळवा मागच्या तोंडापासून दूर. नाद फुलून खोलीभर झाला. पुन्हा तीच थाप, आणि लगेच तळवा मागच्या तोंडावर. नाद जागीच बसला. बोटे थरथरत होती, पण ते झाकणे-उघडणे अगदी नेमके. तीन-चार वेळा असे करून दाखवले आणि आकृतीतल्या नळीकडे बोट करून मुलाला विचारले, “भोंक आसा, पूण ताका हात खंय?”

आम्ही दोघे एकमेकांकडे बघत राहिलो. घुमटाला मागचे तोंड आहे हे खरे, पण वाजवणारा ते उघडे सोडून देत नाही. कुठे फुलू द्यायचे आणि कुठे दाबायचे हे डावा हात क्षणाक्षणाला ठरवतो. वाजवणाऱ्याची अर्धी कला त्या हातात असते. सबवूफरच्या नळीला असा हात नाही. ती सदा उघडी. जे आले ते फुलवणार, मग तो स्फोट असो की घुमट. आणि रेकॉर्डिंगमध्ये तर डाव्या हाताने दाबलेला ठोका आधीच दाबून आलेला आहे. तो आमच्या पेटीने पुन्हा फुलवला तर वाजवणाऱ्याचा हातच पुसला गेला की! दुसऱ्याचे घुमट ऐकवायला पेटी स्वतः घुमट असून चालत नाही. तिने डग्ग्यासारखे तोंड बंद ठेवावे.

तरी मुलाच्या २५ हर्ट्झचे काय? तिथे खोली मदतीला आली. आमचे घर जुने, पण पुढची खोली नंतर बांधलेली. चिऱ्याच्या जाड भिंती, वर स्लॅब, काचेच्या खिडक्या. लांबी चौदा फूट. खोलीच्या लांबीच्या दुपटीहून लाट मोठी झाली की लाटा खोलीत मावेनाशा होतात आणि सगळ्या खोलीचीच हवा एकदम दाबली-सोडली जाते. आमच्या खोलीत हे साधारण ४० हर्ट्झच्या खाली सुरू होते, आणि तिथून खाली जावे तसा आवाज वाढतो. पूर्ण बंद खोलीत ही वाढ सप्तकाला १२ डेसिबलपर्यंत जाऊ शकते. फटी-दारे धरून प्रत्यक्षात कमी. आता गंमत बघा. बंद पेटी ज्या उताराने खाली येते, साधारण त्याच चढाने खोली वर जाते. एक उतरते, दुसरी चढते, आणि ऐकणाऱ्याला बराचसा सपाट आवाज मिळतो. याच खोलीत नळीची पेटी ठेवली असती तर सपाट आवाजावर खोलीची वाढ चढून नुसता दणका झाला असता. हेच आमच्या जुन्या माजघरात, कौलांखाली आणि लाकडी खिडक्यांत असते, तर खालचा आवाज फटींतून पोरसात निघून गेला असता आणि मी कदाचित मुलाच्या बाजूने शेरा मारला असता. म्हणून कोणती पेटी चांगली असे कोणी विचारले तर मी आधी विचारतो, छप्पर कसले आहे?

शेरा लिहिला, बंद पेटी मंजूर. मुलाने एक अट घातली आणि ती मान्य केली. अँप्लिफायर गरजेपेक्षा मोठा घ्यायचा. कारण बंद पेटीत खालचे वर उचलता येते, फक्त त्याची किंमत मोजावी लागते. तेवढाच जोर एक सप्तक खाली हवा असेल तर पडदा चौपट हलावा लागतो.

बांधणीचे थोडक्यात सांगतो. पुस्तकी सल्ला एमडीएफचा असतो. पण आमच्या पावसात एमडीएफची कड पाणी पिऊन फुगते, आणि बंद पेटीची कड फुगली की फट पडली, फट पडली की बंद पेटी बंद राहिली नाही. म्हणून १८ मिलिमीटरचे पाण्यात टिकणारे प्लायवूड घेतले. आतले माप ३३ बाय ३३ बाय ३४ सेंटीमीटर, म्हणजे ३७ लिटर. ड्रायव्हरचे धूड आणि आतल्या आडव्या पट्ट्या वजा जाता ३३च्या आसपास उरते. पुढची फळी दुहेरी. सांधे गोंद आणि स्क्रूने, वर आतून सिलिकॉन. आत उशीत भरतात तो पॉलिएस्टरचा कापूस सैलसर भरला, त्याने पेटी थोडी मोठी असल्यासारखी वागते. आमच्या मेस्ताने आयुष्यभर दारे, पलंग, देव्हारे केले आहेत. एवढे मजबूत खोके आणि उघडायला दार नाही, याचे त्याला शेवटपर्यंत नवल वाटत राहिले.

पेटी वाजली त्या दिवशी पहिला हक्क मुलाचा. त्याने हवा तो स्फोट वाजवला, खिडकीच्या काचा किंचित हलल्या, स्वारी खूश. काही जागी आणखी खाली जायला हवे होते असे त्याचे मत आहे, आणि ते बरोबरच आहे. नळीच्या पेटीत जे मिळाले असते ते सगळे इथे मिळत नाही. ते आम्ही सोडले, आणि काय सोडले हे आकड्यानिशी ठाऊक असताना सोडले.

मग चवथीची आरती लावली. बाबा सोफ्यावर बसले नाहीत. खुर्ची ओढून पेटीजवळ बसले आणि तळवा पेटीवर टेकवला. पेटी हलत नव्हती, हलायला नकोच होती. मग त्यांनी हात उचलून पडद्यासमोर, वीतभर अंतरावर धरला. आरती चढत गेली, घुमटे दुप्पट लयीत आली. बाबांचे डोके एका जागी थांबले. “हो कोण?” त्यांनी विचारले. मी नाव सांगितले, त्यांनीच शिकवलेल्या एका मुलाचे. बाबा म्हणाले, “दावो हात कळाव करता.” डावा हात उशिरा येतो आहे!

शब्द न कळणाऱ्या माणसाने हातावरच्या हवेतून दुसऱ्याचा उशिरा पडणारा डावा हात ओळखला. या चवथीआधी त्या मुलाला घरी बोलवा, असे बाबांचे फर्मान आहे. त्याला समोर बसवून हेच रेकॉर्डिंग लावायचे आणि कुठे कुठे हात चुकतो ते दाखवायचे आहे. वाजवून दाखवता येत नाही, पण ऐकून सांगता येते, एवढे त्यांना पुरेसे वाटते. मुलगा सध्या तक्त्यात पंधरा इंची ड्रायव्हरचे आकडे भरतो आहे. मी ती फाईल अजून उघडलेली नाही.